दिवळीत न बसलेला दिवा

जळगाव जिल्ह्याच्या उत्तरेला सातपुडा आणि दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर. आमचे यावल सातपुड्याच्या पायथ्याशी, तर चाळीसगावजवळचे पाटण पार दुसऱ्या टोकाला, डोंगराच्या कुशीत. पाटणच्या देवीच्या देवळात एक शिलालेख आहे. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला आणि निकुंभ घराण्यातल्या राजांनी त्या मठाला दान दिले, अशी हकीकत त्यात कोरलेली आहे. काळ साधारण १२०७ चा. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. शाळेत इतिहास शिकवताना मी हे दरवर्षी सांगत असे, आणि दरवर्षी कोणीतरी विचारीच, "बाई, पण त्या मठात शिकवायचे काय?"

गणित हा काही माझा विषय नव्हे. तरी या प्रश्नासाठी म्हणून मी 'लीलावती'तले एक उदाहरण पाठ करून ठेवले होते. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी भास्कराचार्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला, 'लीलावती' हा त्याचाच भाग. त्यात सावल्यांचे एक प्रकरण आहे. उदाहरण माझ्या शब्दांत असे: उंचावर एक दिवा जळतो आहे. किती उंच, किती दूर, काही माहीत नाही. तुमच्याकडे फक्त बारा अंगुळांचा शंकू, म्हणजे एक उभी काठी. ती ठेवली तर सावली पडली आठ अंगुळे. मग काठी सावलीच्या टोकाच्या दिशेने दोन हात पुढे नेली, तर सावली झाली बारा अंगुळे. सांगा, दिवा किती उंच?

चोवीस अंगुळांचा एक हात, म्हणून दोन हात म्हणजे अठ्ठेचाळीस अंगुळे. सावल्यांच्या दोन टोकांमधले अंतर अठ्ठेचाळीस अधिक बारा वजा आठ, म्हणजे बावन्न. दोन सावल्यांतला फरक चार. बावन्नला आठाने गुणून चाराने भागले की एकशे चार. हे झाले दिव्याच्या बुडापासून पहिल्या सावलीच्या टोकापर्यंतचे अंतर. आठ अंगुळे सावलीला बारा अंगुळे काठी, तर एकशे चारला किती? एकशे छप्पन्न. म्हणजे दिवा साडेसहा हातांवर. हात दीड फुटाचा धरला तर पावणेदहा फूट. दिव्याला हात न लावता, शिडी न लावता, काठी दोनदा ठेवून उत्तर निघाले. एकदाच ठेवून निघाले नसते, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

आता एवढे लांबण लावण्याचे कारण सांगते. गेल्या उन्हाळ्यात आमचा नातू महिनाभर इथे येऊन राहिला. पुण्याच्या ऑफिसचे काम यावलहून करत होता. येताना त्याने आभासी वास्तवाचा एक जुना संच आणला. डोळ्यांवर बांधायचा डबा, हातात धरायच्या दोन मुठी आणि मुठीत जेमतेम मावतील असे दोन काळे ठोकळे. डबा डोळ्यांना बांधला की माणसाला वेगळीच जागा दिसते, आणि आपण खोलीत दोन पावले चाललो की त्या जागेतही दोन पावले पुढे जातो. आता हे कळायला यंत्राला आधी माझे डोके खोलीत नेमके कुठे आहे ते कळले पाहिजे. ते काम त्या दोन ठोकळ्यांच्या जिवावर चालते. आणि ते ठोकळे कुठे लावायचे यावर आमच्या घरात तीन दिवस खल झाला.

हा संच २०१६ च्या एप्रिलमध्ये बाजारात आला. हेडसेट एचटीसीचा, नाव व्हाइव्ह. ठोकळ्यांची युक्ती व्हॉल्व्ह या अमेरिकन कंपनीची, आणि तिचे नाव त्यांनी ठेवले लाइटहाऊस, म्हणजे दीपगृह. नाव अगदी चपखल आहे. आम्हा खानदेशातल्या माणसांना समुद्र कुठला, पण शाळेच्या सहलीत कुलाब्याच्या टोकावरून पाण्यात उभे असलेले प्राँग्जचे दीपगृह पाहिले होते, १८७५ सालचे. ते दीपगृह बोटींना मोजत नाही, पाहत नाही. ते आपला झोत फिरवत राहते. झोत पाहून आपण कुठे आहोत ते बोटीवरच्या माणसाने ठरवायचे. हे ठोकळे तेच करतात. त्यांच्या पोटात सेकंदाला ६० फेरे घेणाऱ्या दोन फिरक्या आहेत. एक फिरकी अदृश्य लेझरची रेघ आडवी फिरवते, दुसरी उभी. प्रत्येक रेघेआधी ठोकळा एकदा लखकन चमकतो, तो उजेडही आपल्याला न दिसणारा. हेडसेटवर ३२ बारीक टिकल्या आहेत, प्रत्येक टिकली म्हणजे उजेड ओळखणारा डोळाच. चमक दिसली की घड्याळ सुरू, रेघ टिकलीवरून गेली की बंद. एक फेरा सुमारे १७ मिलिसेकंदांचा, म्हणजे एका मिलिसेकंदात रेघ साडेएकवीस अंशांहून थोडी जास्त फिरते. किती वेळ लागला त्यावरून किती कोन झाला ते कळते. आणि टिकल्या एकमेकींपासून किती अंतरावर आहेत हे कारखान्यातच मोजून ठेवलेले असते. भास्कराचार्यांच्या काठीची बारा अंगुळे आधी ठाऊक होती, तसेच.

नातवाला मी म्हटले, "अरे, हा तर शंकू!" तो म्हणाला, "आजी, तू आधी स्टूल धर."

तर ठोकळे कुठे लावायचे. आमचे घर धाब्याचे, भिंती हातभर जाडीच्या. माजघरात समोरासमोरच्या भिंतींत दोन दिवळ्या आहेत. माझ्या सासूबाई त्यांत तेलाचे दिवे ठेवत. दिव्याची जागा दिवळीत, हे मला इतके सरळ वाटले की मी त्या झाडून, पुसून ठेवल्या. पण नातवाने दोन कारणे सांगितली. एक म्हणजे दिवळी खांद्याच्या उंचीवर, आणि हे ठोकळे माणसाच्या डोक्यावरून बघायला हवेत, किमान साडेसहा फुटांवर. नाहीतर हात वर केला की रेघ अडते. दुसरे, ठोकळ्याचा झोत १२० अंशांत पसरतो. दिवळीच्या आतल्या कडा तो दोन्ही बाजूंनी कापतील. तेलाच्या दिव्याला दिवळी बरी, कारण वारा लागत नाही आणि उजेड हवा तेवढाच समोर पडतो. या दिव्याला उघडा कोपरा हवा.

मग कोपरे. दोन ठोकळे समोरासमोरच्या कोपऱ्यांत, तिरके, एकमेकांना दिसतील असे. दोन कशाला, असे मी विचारले. तर एकाच ठोकळ्यावरही यंत्र चालते म्हणे, पण माणूस पाठ फिरवून उभा राहिला की हातातली मूठ त्याच्याच अंगाआड जाते. मग त्या मुठीला दिवा दिसत नाही, आणि आभासी जगातला हात भलतीकडेच भरकटतो. शिवाय एकाच ठिकाणाहून पाहिलेले अंतर तितके पक्के नसते. काठी दोनदा ठेवावी लागली होती ना? दोन ठोकळ्यांमध्ये ५ मीटरपेक्षा जास्त अंतर चालत नाही. आमचे माजघर दहा बाय बारा. कोपऱ्यातून कोपऱ्यापर्यंत दोरी धरली तर साडेपंधरा फुटांच्या वर थोडे, म्हणजे पावणेपाच मीटर. जेमतेम बसले.

पंख्याचाही विचार करावा लागला. मे महिन्यात इकडे पारा ४४-४५ वर जातो, पंखा बंद ठेवून कोणी खेळणार नाही. ठोकळे एकमेकांना पाहून आपापली पाळी ठरवतात, एकाची रेघ फिरत असताना दुसरा थांबतो. त्यांच्यामध्ये पंख्याची पाती आली की गोंधळ. म्हणून ठोकळे साडेसात फुटांवर घेतले, पाती त्याच्या वर राहिली. तोंडे तीस ते पंचेचाळीस अंश खाली वाकवली. खिळा मातीच्या भिंतीत टिकेना, गिलावा भसाभस पडे. कपाटावर ठेवावे तर कपाटाचे दार लावले की ठोकळा हलतो, आणि ठोकळा केसभर हलला तरी आभासी जमीन कलते. शेवटी दोन कोपऱ्यांतल्या सागवानी खांबांना ते स्क्रूने आवळले. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा लावला, कारण थेट उन्हाने टिकल्या दिपतात.

एक गोष्ट मात्र नातू बोलेना. आरसा त्याने उतरवला, शोकेसच्या काचेवर चादर टाकली. काचेवरून रेघ परावर्तित होते आणि यंत्राला एकाऐवजी दोन दिवे दिसतात. पण समोरच्या भिंतीवर यांचा फोटो, मोठ्या काचेचा, हार घातलेला. पोरगा त्याच्याकडे बघे आणि दुसरेच काहीतरी करू लागे. मी काही न बोलता फोटो उतरवला आणि दिवळीत ठेवला. तिथे तो आत राहतो, झोताच्या वाटेत येत नाही. रिकाम्या भिंतीवर चौकोनी पांढरा डाग दिसत होता, त्याच्याकडे आम्ही दोघांनी थोडा वेळ पाहिले आणि कामाला लागलो.

माणसाचे डोके खोलीत कुठे आहे ते शोधण्याचा हा खटाटोप तसा जुना आहे. १९६८ साली अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर बांधायचा पडदा केला. डोके किती वळले ते मोजायला त्यांनी छतापासून लोखंडी दांडाच डोक्याला जोडला होता. माणूस त्या दांड्याला टांगल्यासारखा उभा. दांडा नको म्हणून त्यांनी ऐकू न येणाऱ्या आवाजाच्या लहरींचीही एक युक्ती करून पाहिली. पुढे चुंबकीय क्षेत्रावर चालणारी साधने आली, पण जवळ लोखंड असले की ती चकत. १९९० च्या दशकात नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठातल्या मंडळींनी सगळे छतच शेकडो बारीक दिव्यांनी मढवले आणि डोक्यावर त्या दिव्यांकडे बघणारे डोळे बसवले. हे सगळे प्रयोगशाळेत. साध्या घरातल्या खोलीत हे यायला २०१६ उजाडले.

त्या वर्षी दोन पंथ झाले. एक लाइटहाऊसचा. दुसरा ऑक्युलस कंपनीचा, जी फेसबुकने २०१४ साली विकत घेतली होती. त्यांचा हेडसेट मार्चमध्ये आला आणि त्यांनी उलटे केले: दिवे हेडसेटवर, आणि टेबलावर ठेवायच्या सेन्सरमध्ये कॅमेरा. हेडसेटवरचे अदृश्य दिवे लुकलुकतात, कॅमेरा त्यांना शोधतो. भूमितीच्या हिशेबाने दोन्ही एकच, दिवा आणि डोळा यांची फक्त अदलाबदल. पण घरात राहणाऱ्या बाईच्या हिशेबाने एक नाही. एका पंथात कोपऱ्यात दिवा बसतो, दुसऱ्यात कोपऱ्यात डोळा बसतो.

हा फरक मला एकदम जाणवला त्याचे कारण माझा विषय इतिहास. इंग्रजांनी आपला देश मोजला त्याची गोष्ट नववीच्या मुलांना सांगताना मी नेहमी रंगून जायची. १० एप्रिल १८०२ रोजी विल्यम लँबटनने मद्रासला साडेसात मैलांची एक पायारेषा साखळीने मोजायला घेतली. पुढचे सगळे कोनांवर. दोन टोकांवरून तिसरा डोंगर बघायचा, त्रिकोण पुरा करायचा, त्याच्या बाजूवर पुढचा त्रिकोण. कोन मोजायचे यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचे. डोंगर नसला तर देवळांची गोपुरे. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळावर ते यंत्र चढवताना दोर तुटून आपटले आणि लँबटनने ते स्वतः ठोकून ठोकून दुरुस्त केले. वीस वर्षे हा माणूस त्रिकोण जोडत उत्तरेकडे येत राहिला आणि २० जानेवारी १८२३ रोजी आपल्या विदर्भात, हिंगणघाटच्या मुक्कामी वारला. तिथेच त्याचे थडगे आहे. पुढचे काम जॉर्ज एव्हरेस्टने नेले. दिवसा धुरळ्याने आणि उन्हाच्या लहरींनी दूरचे दिसेना, म्हणून तो रात्री दिवे लावून कोन घेऊ लागला. मैदानात डोंगर नाहीत तिथे उंच बुरूज बांधले. कोणाच्या तरी हातात दिवा, डोंगरमाथ्यावर, रात्रभर, तापाच्या प्रदेशात. ते खलाशी आणि निशाणवाले किती मेले त्यांची नावे कुठल्या पाठ्यपुस्तकात नाहीत. राधानाथ सिकदारांचे नाव तरी आता मुलांना माहीत असते. त्यांच्या हिशेबांतून १५ क्रमांकाचे शिखर सर्वांत उंच ठरले, आणि १८५६ मध्ये त्याची उंची २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली.

या मोजणीला गावोगावी विरोध होई. दुर्बीण लावून उंचावर बसलेला साहेब आपल्या घरांच्या अंगणात, बायकांच्या बाजूला बघतो, अशी लोकांची खात्री होती. वर्गात हे सांगितले की मुले हसत. मीही हसत असे. पण त्या लोकांच्या शंकेत गाभ्याची गोष्ट खरीच होती. मोजणारा कशाला मोजतो आहे ते मोजल्या जाणाऱ्याला कोणी सांगितले नव्हते. नकाशा पुरा झाला तो साहेबाच्या कचेरीत. पुढे त्यावर रस्ते, रेल्वे, कालवे झाले, साराही वसूल झाला. ज्याच्या अंगणावरून रेघ गेली त्याला तो नकाशा बघायला मिळाला नाही.

माझ्या माजघरातले ठोकळे या बाबतीत बिचारे निरुपद्रवी. रेघ फिरवतात, झाले. खोलीत कोण आहे, कोणाचा फोटो आहे, त्यांना पत्ता नाही. पण ही तऱ्हा मागे पडली. २०१९ च्या मे महिन्यात ऑक्युलसचा क्वेस्ट आला, त्याला कोपऱ्यात काहीच लावावे लागत नाही. हेडसेटलाच चार कॅमेरे. ते खोलीकडे बघतात, कपाटाचा कोपरा, दाराची चौकट, खिडकीची कड असल्या खुणा टिपतात आणि त्यांवरून आपण कुठे आहोत ते सतत ठरवतात. लँबटन डोंगर टिपत होता, हे कपाट टिपते. स्टूल नको, स्क्रू नको, दोरी नको. आता नवे संच बहुतेक असेच येतात. सोय मोठी आहे यात शंका नाही. भाड्याच्या घरात राहणारी पोरे भिंतीला कुठे भोके पाडणार? आणि जिथे घरात एकच खोली आहे तिथे कोपरे अडवायचे कसे? खेळणे स्वस्त झाले आणि सोपे झाले, ते याच कारणाने.

पण नकाशा आता घराचा होतो, आतून. तो कुठे राहतो, कोणाला दिसतो, हे त्या कंपनीच्या अटींत लिहिलेले असते, आणि त्या अटी इंग्रजीत, बारीक अक्षरांत, पानेच्या पाने. आम्ही त्या न वाचता 'मान्य' म्हणतो. नातवाचे म्हणणे असे की मोबाइललाही कॅमेरा आहेच, मग याचीच भीती कशाला? बरोबर आहे त्याचे. भीती नाहीच वाटत. पण मोबाइल खिशात जातो, पालथा ठेवता येतो. हे डोळ्यांवर बांधून माणूस घरभर फिरतो, आणि त्याला स्वतःला त्या वेळी घर दिसत नसते. यंत्राला घर दिसते, नातवाला नाही. हे उलटेपण मला जरा खटकते, एवढेच.

नातवाने पुढच्या खेपेला नवा हेडसेट आणायचे ठरवले आहे. आणू दे. मलाही त्यातून हिमालय बघायचा आहे, आणि सिकदारांचे ते १५ क्रमांकाचे शिखर खुर्चीत बसून बघायला मिळाले तर या गुडघ्यांना दुसरे काय हवे. फक्त एक अट मी त्याला सांगून ठेवली आहे. आमच्याकडे पूर्वी सासरे किंवा थोरले दीर माजघराकडे यायचे तर ओसरीवरूनच खाकरत. आत बायका असत, कोणी डोक्यावरचा पदर सावरी, कोणी उठून बाजूला होई. त्याने डबा डोळ्यांना बांधण्याआधी तेवढे खाकरायचे. मी स्वयंपाकघरात असले तर दार ओढून घेईन, नसले तर घेणार नाही. त्याने हसत हसत कबूल केले आहे.

असो. जुने ठोकळे अजून खांबांवरच आहेत. नातवाने काढू नको म्हणून सांगितले आहे, आणि स्क्रू असे आवळले आहेत की माझ्याने ते निघायचेही नाहीत. यांचा फोटो परत भिंतीवर लावायचा आहे, पण तो दिवळीत आता बरा दिसतो. तुमच्यापैकी कोणी पाटणला गेले, तर शिलालेखाचा नीट, वाचता येईल असा फोटो काढून मला पाठवा. आणि मुलांना बरोबर नेले तर संध्याकाळी एक दिवा आणि एक काठीही न्या.